बेडरूमची लादी जुलैत चालली पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या शनिवारच्या पुरवणीत बेडरूमच्या फ्लोअरिंगवर पानभर लेख आलाय तो वाचला. फोटोतली बेडरूम झकास आहे त्यात वादच नाही, पण ती मुंबईतली नाही हे बघताक्षणी कळतं, कारण पलंगाच्या तिन्ही बाजूंनी माणूस चालू शकतोय आणि खिडकीत एकसुद्धा कपडा वाळत नाहीये. सल्ला काय तर वुडन फ्लोअरिंग घ्या, सकाळी उठल्यावर पायाला उबदार वाटतं. आता मुंबईत सकाळी पायाला ऊब कुणाला पाहिजे हो? इथे पारा १६ वर आला की तुमच्याच पेपरात पहिल्या पानावर स्वेटर घातलेल्या माणसाचा फोटो येतो. बाकी वर्षभर आम्ही थंडावाच शोधत असतो, मे महिन्यात आमच्या मजल्यावरची अर्धी माणसं गादी गुंडाळून नुसत्या लादीवर चादर टाकून झोपतात, आणि तुम्ही सांगताय उबदार.

मी भांडुपला एका जुन्या सोसायटीत राहते आणि सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलंय (दुसरं कुणी घेत नाही म्हणून), त्यामुळे रिनोव्हेशनचे अर्ज, एनओसी, डिपॉझिट आणि काम झाल्यावर खालच्या-वरच्यांची भांडणं, सगळं माझ्याकडेच येतं. इंजिनिअर नाही मी, पण लोकांच्या लाद्या बसतानाही बघितल्यात आणि उखडतानाही, त्यामुळे लेख वाचून गप्प बसवेना. माझं म्हणणं एकच आहे, मुंबईत बेडरूमची लादी निवडायची ती जुलै महिना डोळ्यापुढे ठेवून. शोरूममध्ये एसी चालू असतो, वरून लाइट मारलेले असतात, तिथे सगळंच छान दिसतं.

जुलैत काय असतं ते तुम्हालाही माहितीये. हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर, खिडकी उघडली तर झड आत येते, बंद केली तर कोंदट वास, पंख्याखाली दोरी बांधून त्यावर ओल्या जीन्स आणि त्यांचं पाणी खाली टपटप, ट्रेनमधून भिजून आलेला माणूस ओल्या पायांनी थेट बेडरूममध्ये कारण कपड्यांचं कपाट तिथेच, आणि अटॅच्ड बाथरूम असेल तर आंघोळ करून बाहेर येणारा प्रत्येक जण दारात छोटं तळं करतो. वन बीएचकेमधली बेडरूम ही नुसती झोपायची खोली नसतेच मुळी, तिथे मुलांचा अभ्यास होतो, इस्त्री होते, गावावरून पाहुणे आले की जमिनीवर चार जणांची पथारी पडते. लेखात बेडरूम कोरडी धरलीय, तिथेच सगळं गणित चुकलं.

आता वुडन म्हणून जे आपल्याकडे विकतात त्यात लाकूड किती असतं ते बघा. स्वस्तातलं जे असतं ते लॅमिनेट, ८ किंवा १२ एमएमची पट्टी, वर लाकडाच्या रेषांचा छापील कागद, त्यावर पारदर्शक कडक थर, आणि आत एचडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू चिकटवून दाबून केलेली पाटी. वरचा थर चांगला टिकतो, दुकानदार किल्ली घासून दाखवतो आणि एसी-थ्री एसी-फोर सांगतो, पण तो मुख्यतः झिजण्याचा आकडा आहे. पाणी वरून येतच नाही, ते जोडातून आत जातं. आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एकांनी हौसेने हे करून घेतलं, दिवाळीत सगळे बघायला गेलो, फारच सुंदर दिसत होतं. पहिल्याच पावसाळ्यात खिडकीखालच्या दोन पट्ट्यांच्या कडा चहात पडलेल्या बिस्किटासारख्या फुगल्या, मग बाथरूमच्या दारापाशी तेच, जोड वर आले, चालताना अंगठ्याला लागायला लागले, बेडरूमचा दरवाजा खाली घासायला लागला म्हणून सुताराला बोलावून तो रंधून घेतला. एकदा फुगलेलं एचडीएफ परत पहिल्यासारखं बसत नाही हो, पाऊस संपल्यावर सुकलं तरी कड जाडच राहते. पट्टी बदलायची तर भिंतीपासून तिथपर्यंतच्या सगळ्या सोडवत यावं लागतं, आणि तोपर्यंत तो शेड बंद झालेला असतो. वर जुन्या बिल्डिंगमध्ये वाळवी हा वेगळाच विषय.

इंजिनिअर्ड वुड त्यापेक्षा बरं, खाली प्लाय आणि वर ओक नाहीतर सागाचा खरा पातळ थर असतो, पण किंमत बघून आमच्यासारखे लोक मागच्या पावली परत येतात, आणि दमट हवेत तेही थोडं फुगतं-आकसतंच, म्हणून कडेने गॅप सोडावी लागते. खरं लाकूड घालायचं तर बाराही महिने खोलीतली हवा कोरडी ठेवायची तयारी पाहिजे. ज्यांची आहे त्यांनी खुशाल घालावं.

हल्ली एसपीसी म्हणून निघालंय, दगडाची भुकटी (चुनखडीची) आणि पीव्हीसी मिळून केलेल्या ४ ते ६ एमएमच्या पट्ट्या, एकमेकीत क्लिक करून बसवतात, दिसायला लाकूड आणि पाण्याने फुगत नाही. ज्यांना लाकडाचा लूक पाहिजेच आहे त्यांना मी हेच सांगते. पण त्यालाही अटी आहेत आणि त्या दुकानात कुणी सांगत नाही. पट्टी पाणी पीत नाही हे खरं, पण जोडातून खाली गेलेलं पाणी खालच्या खालीच कोंडून राहतं आणि मग वास येतो, त्यामुळे बाथरूमच्या दारात उंबऱ्याची ग्रॅनाइट पट्टी पाहिजे आणि बाथरूमची लेव्हल बेडरूमपेक्षा खाली पाहिजे. दुसरं म्हणजे खालची जमीन सपाट पाहिजे, खड्डा असेल तर पट्टी पायाखाली दबते, काही महिन्यांनी क्लिकच तुटतं. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारभर कडक ऊन येत असेल तर पडदा लावा नाहीतर तिथे ताण येऊन उचलतं. आणि मुंबईसाठी सगळ्यात महत्त्वाचं, हे फ्लोअरिंग तरंगतं असतं, म्हणजे खाली चिकटवलेलं नसतं, उन्हाळ्या-पावसाळ्यात त्याला जरासं हलायला जागा लागते, कडेला ८-१० एमएमची फट सोडून वर स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) मारतात ते त्यासाठीच. आणि आपण काय करतो, त्याच्यावर भिंतभर फिक्स वॉर्डरोब ठोकतो आणि मधे तो बॉक्सचा पलंग, ज्याच्या पोटात गाद्या, रजया, पितळेची भांडी, जुनी पुस्तकं, म्हणजे अख्खं गाव. मग ते हलणार कुठून. वॉर्डरोब आधी करून घ्या आणि एसपीसी त्याच्या पायापर्यंतच आणा. टाइल्सचं उलट आहे, तिथे आधी लादी मग फर्निचर, म्हणजे उद्या वॉर्डरोब काढला तरी खाली जमीन असते.

वॉल टू वॉल कार्पेटबद्दल लेखात दोन ओळी आहेत, त्याबद्दल मी एकच ओळ लिहिते, मुंबईत नको, धूळ, ओल आणि दम्याचं माणूस घरात असेल तर नकोच नको. व्हिनाइलचा रोल भाड्याच्या घराला चालतो, दीड-दोन एमएमचा असतो, जाताना गुंडाळून नेता येतो.

मग घालायचं काय? माझं मत सरळ आहे, मॅट फिनिशची व्हिट्रिफाइड टाइल, म्हणजे जवळपास पाणी न पिणारी. मॅट म्हणजे अंगणात घालतात ती खरबरीत नव्हे, तिच्यात मळ बसतो आणि लादी पुसणाऱ्या बाईचा हात मोडतो, सॅटिन मॅट म्हणून मागा, हात फिरवला तर गुळगुळीत लागते पण ट्यूबलाइट तिच्यात आरशासारखी दिसत नाही. चकचकीत टाइल बेडरूममध्ये का नको याचं कारण पावडर. हसू नका, मुंबईत आंघोळ करून आलं की मानेला पाठीला पावडर मारतातच, ती निम्मी खाली पडते, तिच्यावर ओला पाय आणि खाली ग्लॉसी टाइल. वयस्कर माणूस रात्री बाथरूमला उठतं ते चष्म्याशिवाय आणि लाइट न लावता. खुब्याचं हाड मोडलं की पुढे काय होतं ते ज्यांच्या घरात झालंय त्यांना विचारा. टाइलच्या माहितीपत्रकात आर-नाइन, आर-टेन असं लिहिलेलं असतं, तो घसरण्याच्या टेस्टचा आकडा आहे, आर-नाइन सगळ्यात खालचा, तिथून वर जाल तशी पकड वाढते. घरात म्हातारी माणसं असतील तर आर-टेन विचारा, आणि विचारल्यावर सेल्समनला कळलं नाही तर पुढच्या दुकानात जा, एलबीएस रोडवर दुकानं काही कमी नाहीत.

रंगाबद्दल आमच्याकडे लादी पुसायला येणाऱ्या बाईंचं ऐका. त्यांनी एकदा सुपर व्हाइट टाइल असलेल्या घरातून येऊन मला सांगितलं, "ताई, त्यांच्याकडे दोन वेळा पुसलं तरी बाई परत बोलावते, केस दिसतो म्हणते." काळी लादी घ्याल तर समोरच्या रिडेव्हलपमेंटची सगळी धूळ तुमच्याच घरात येते हे दिवसातून तीनदा कळेल. मधला रंग, थोडे ठिपके किंवा रेषा असलेला, त्याच्यावर सगळं खपून जातं.

एक छोटी गोष्ट दुकानातच करून बघा. टाइल उलटी करायची आणि मागच्या बाजूला चमचाभर पाणी टाकायचं. भिंतीची सिरॅमिक टाइल ते बघता बघता पिऊन टाकते, तिची पाणी शोषायची टक्केवारी दहाच्या वर असते, व्हिट्रिफाइडची अर्धा टक्का किंवा कमी, तिच्यावर पाणी तसंच राहतं. सेलमध्ये स्वस्त पडली म्हणून भिंतीची टाइल जमिनीला लावलेली मी बघितलीय, पलंगाचा पाय सरकवला तिथेच फुटली. बॉक्सवर आयएस १५६२२ बघा, टाइल्सचं भारतीय मानक आहे ते. आपल्याकडची बहुतेक टाइल गुजरातमधून मोरबीवरून येते, ब्रँड वेगळे असले तरी, त्यामुळे नुसत्या नावासाठी फार पैसे मोजायची गरज नाही, माल बघा.

पण टाइल पाणी पीत नाही, आता तीच गोष्ट बसवताना आड येते, आणि हे मुंबईत नव्वद टक्के मिस्त्री ऐकून घेत नाहीत (नव्वद माझ्या अंदाजाने, मोजलं नाहीये). पूर्वीची सिमेंटची किंवा मोझॅकची लादी सिमेंटचा रस शोषायची म्हणून घट्ट धरायची. व्हिट्रिफाइड शोषतच नाही, म्हणून तिला साध्या सिमेंटच्या मालावर बसवली की वरवर बसते आणि काही वर्षांनी एखाद्या दुपारी फाट्कन आवाज होऊन खोलीच्या मधल्या दोन लाद्या तंबूसारख्या उभ्या राहतात, लोकांना भूकंप वाटतो. तिला टाइल अॅडहेसिव्ह लागतं, आयएस १५४७७ चं, दातेरी थापीने पसरून, आणि टाइलच्या पाठीला जी पांढरी पावडर असते ती आधी ओल्या फडक्याने पुसून. दोन टाइलमध्ये फट राखायला २-३ एमएमचा स्पेसर, आणि भिंतीच्या कडेला जरा जागा. आमच्याकडे एका मेंबरने स्पेसर आणून दिले तर मिस्त्री म्हणतो, "मॅडम, टेन्शन घेऊ नका, जोड दिसणारच नाही असं चिकटवून देतो." जोड दिसला पाहिजे हो, त्याच्यासाठीच तर पैसे देतोय. ग्राउट, म्हणजे जोडात भरतात ते, इपॉक्सीचं असेल तर त्यातून पाणी जात नाही, व्हाइट सिमेंट भरलं तर दोन पावसाळ्यांत काळं होतं.

काम संपल्यावर पैसे द्यायच्या आधी दहा रुपयांचं नाणं घ्या आणि एकेका लादीवर ठोकत जा, मधे आणि चारी कोपऱ्यांवर. भरीव असेल तर टणक आवाज येतो, खाली माल नसेल तर पोकळ येतो, लगेच कळतं, त्याला इंजिनिअर लागत नाही. पोकळ निघाल्या तर खडूने फुली मारा आणि त्या काढून परत बसवायला लावा. मिस्त्री तोंड वाकडं करेल, करू दे.

आता माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा मुद्दा, तुमच्या लेखात तो नावालाही नाही. नवीन काय घालायचं त्याआधी पायाखाली काय आहे ते बघा की! मुंबईतल्या जुन्या घरांमध्ये, म्हाडाच्या वसाहती घ्या, दादर-गिरगावच्या इमारती घ्या, मोझॅक किंवा नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या आहेत, कुठे शहाबादी आहे, कुठे कोटा. नक्षीच्या लाद्या करणारी भारत टाइल्स ही कंपनी १९२२ मध्ये स्वदेशीच्या काळात निघाली, तोपर्यंत श्रीमंतांकडे आणि मोठ्या इमारतींत विलायतेहून टाइल्स यायच्या, राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेलात तर खाली बघत चाला, मिंटन या इंग्रज कंपनीच्या आहेत तिथे. आणि आपण काय करतो, पन्नास-साठ वर्षं चाललेली लादी फोडून गोणीत भरतो, आणि मग कॅफेमध्ये तसल्याच लादीवर उभं राहून सेल्फी काढतो. मोझॅकमध्ये मार्बलच्या चिप्स सिमेंटमध्ये बसवलेल्या असतात, वरचा थर मळला, खरवडला तरी मशीनने घासून पॉलिश करता येतो, आधी जाड दगड मग बारीक, दोन दिवस घरभर चिखल होतो एवढंच. आमच्या सोसायटीत ज्यांनी ज्यांनी केलं त्यांच्याकडे लोक विचारतात, नवीन बसवली का? बेडरूमला तर ही लादी उत्तमच, थंड राहते, पॉलिशवाल्याला फार चमक नको म्हणून सांगितलं की घसरत नाही. फक्त एक, मोझॅक, कोटा, शहाबादी, मार्बल यातल्या कशावरही ऍसिड टाकू नका. हे सगळे चुन्याच्या घराण्यातले दगड, लिंबू सांडलं तरी मार्बलवर डाग पडतो, मग बाथरूम धुवायच्या ऍसिडने काय होईल.

पॉलिश जमत नसेल आणि बदलायचीच असेल तर फोडायची की वरून घालायची हा प्रश्न येतो, आणि इथे सेक्रेटरी म्हणून मला जरा जोरात बोलायचंय. हल्ली फॅशन आहे बेडरूमला इटालियन मार्बल. हिशोब करा. २० एमएमचा मार्बल एका चौरस मीटरला साधारण ५४ किलो, त्याच्या खाली दोन इंच माल म्हणजे आणखी १०० किलो, झाले दीडशे. दहा बाय बाराची खोली म्हणजे ११ चौरस मीटर, म्हणजे दीड टनाच्या वर वजन, आणि तेही जुनी लादी न काढता वरून घातलं तर सगळं जादा. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसं-सामान मिळून चौरस मीटरला २०० किलो धरून डिझाइन करतात, म्हणजे त्यातले दीडशे तुम्ही लादीतच खाल्ले. त्याच खोलीत जुन्या लादीवर अॅडहेसिव्हने ९ एमएमची टाइल बसवली तर चौरस मीटरला २५ किलोच्या आसपास, खोलीला पावणेतीनशे. फरक बघा. ३० वर्षांवरच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट महापालिकेच्या कायद्यात ३५३-बी खाली सक्तीचं आहे ते काही उगाच नाही. खाऱ्या हवेने सळ्या गंजलेल्या असतात, त्यात वरचा माणूस ब्रेकर लावतो आणि खालच्याच्या पलंगावर प्लास्टरचा पोपडा येतो. शिवाय लादीखालच्या मालातून वायरचे पाइप, एसीच्या पाण्याचे पाइप गेलेले असतात, ते फुटले की कुणाला कळत नाही, चार महिन्यांनी खालच्याच्या छतावर ओल दिसते आणि मग माझ्याकडे चिठ्ठी.

लादीवर लादी घालायची असेल तर आधीची पोकळ नाही ना हे त्याच नाण्याने बघा, आणि लेव्हल अर्धा-पाऊण इंच वर येणार हे धरून दरवाजे खालून कापायचे, बाल्कनीचं पाणी आत येणार नाही ना ते बघायचं. फोडत असाल तर डेब्रिज रात्री नाल्यावर नेऊन टाकणारा टेम्पो स्वस्त पडतो म्हणून त्याला देऊ नका, पालिकेची पैसे भरून डेब्रिज उचलायची सेवा आहे. नाले तुंबले की पहिला आरडाओरडा आपणच करतो.

आवाजाचं पण सांगते, कारण खालच्या मजल्यावरचे काका दर रविवारी मला जिन्यात गाठतात, "अहो वहिनी, वरती काय क्रिकेट चालू आहे का?" टाइल कडक असते, खुर्ची ओढली, डबा पडला, सगळं खाली जातं. पलंगाच्या आणि खुर्चीच्या पायांना रबराचे बूट घाला, पलंगाच्या बाजूला एक सतरंजी घाला, धुता येते, पावसात गुंडाळून ठेवता येते. एसपीसीखाली फोमचा थर येतो त्याने आवाज जरा कमी होतो हे त्याचं खरं चांगलं आहे, ते मान्य करायला हवं.

तळमजल्यावर राहणाऱ्यांनी तर लाकडाचा विचारच करू नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता तेव्हा ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना टाइलवाल्या घरात झाडू मारून चिखल काढता आला, बाकी सगळं फेकलं. तेवढं नाही झालं तरी तळमजल्याला जमिनीतून ओल येते, आणि दमट दिवशी थंड लादीला घाम फुटतो, एसी बंद करून खिडकी उघडली की वरच्या मजल्यांवरही होतं ते. घाबरू नका, लिकेज नाही, पंखा लावा आणि कोरड्या फडक्याने पुसा. लॅमिनेटखाली हीच ओल अडकली की मात्र मग ती बाहेर येत नाही.

खरेदीचा हिशोब पटकन सांगते, दुकानदार घाईत गुंडाळतो म्हणून. दोन बाय दोन म्हणून जी टाइल मिळते ती ६०० एमएमची असते, म्हणजे पुरी दोन फूट नाही, चार चौरस फूट धरलं की कमी पडते. दहा बाय बाराच्या खोलीला ३१ लाद्या, स्कर्टिंगला आणखी ४, तुटफूट-कटिंग धरून चारचा बॉक्स असेल तर दहा बॉक्स घ्या. सगळ्या बॉक्सवर बॅच आणि शेडचा नंबर एकच आहे ना ते टेम्पोतून उतरवतानाच बघा, वर चढवल्यावर कुणी बदलून देत नाही. उरलेल्या दोन-तीन लाद्या माळ्यावर टाका, बॉक्सच्या कागदासकट. आणि १६०० बाय ८०० ची ती अजस्र टाइल आमच्यासारख्या बिल्डिंगमध्ये घेऊ नका, लिफ्टमध्ये जात नाही आणि जिन्याच्या वळणावर वळत नाही, हमाल आणि वॉचमन दोघांची भांडणं मला सोडवावी लागतात. छोट्या खोलीत तिची निम्मी कापून वाया जाते ते वेगळंच.

शेवटचं, नवीन ताबा मिळणाऱ्यांसाठी. सध्या रिडेव्हलपमेंटमध्ये कितीतरी लोक नव्या घरात जातायत, बीडीडी चाळींसारख्या ठिकाणी तर १६० फुटांच्या खोलीतून ५०० फुटांच्या फ्लॅटमध्ये, आणि हौसेने पहिल्याच महिन्यात बिल्डरची लादी फोडून आपली घालतात. थांबा जरा, एक पावसाळा जाऊ दे. कुठे ओल येते, कुठली लादी पोकळ आहे ते त्यात कळतं. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत कामात किंवा मालात दोष निघाला आणि तो कळवला तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा आहे. पण तुम्हीच ती लादी काढून टाकली असेल तर तो म्हणणार, आमची होती कुठे, तुम्हीच हात लावलात. त्यामुळे नाणं घेऊन ताब्याच्या दिवशीच बेडरूमपासून सुरुवात करा, पोकळ लाद्यांचे फुली मारलेले फोटो काढा आणि तारखेसकट ईमेल टाका, तोंडी सांगून वॉचमनकडे निरोप ठेवू नका.

तुमच्या पुढच्या पुरवणीत ४०० फुटांच्या घरातल्या बेडरूमचा एक फोटो छापलात तर बरं होईल. दोरीवरच्या कपड्यांसकट छापा, आमची हरकत नाही.

आपली,
एक वाचक, भांडुप, मुंबई